पाळीवरची हाजरी

पळसटोला, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा

३ मे १९५७, शुक्रवार

ही वही गोंदियाच्या एका राइस मिलने वाटलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तांदळाच्या पोत्याचं चित्र आहे. चार महिने कोरी पडून होती, कारण प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरच्या आयुष्यात लिहून ठेवण्याजोगं काही घडत नाही. आज घडलं.

गोंदियाच्या श्री लोकोद्धार सेवा मंडळाचं पत्र आलं. २६ मे रोजी मंडळाचे साठ स्वयंसेवक आमच्या गावी येणार, मोठ्या तलावाची पाळ श्रमदानाने दुरुस्त करणार आणि साऱ्या गावाला सामुदायिक भोजन देणार. खाली लिहिलं होतं, ‘स्थानिक संयोजक म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे.’ मी दोनदा चष्मा पुसला. दोन्ही वेळा संयोजकच दिसलं.

तलावाची गोष्ट अशी. बकाराम पाटलांच्या पणजोबांनी तो बांधला. मालगुजारी, म्हणजे इकडची जुनी जमीनदारी, गेली तेव्हा तो सरकारजमा झाला, आणि गाव म्हणू लागलं की तलाव सरकारचा, तर मातीही सरकारनेच टाकावी. सरकारने सहा वर्षांत एक टोपली टाकली नाही. गेल्या श्रावणात पाळीला बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं, तलाव रिकामा झाला आणि धान लोंबीवर येता येता वाळला. यंदाही पाळ उघडी राहिली तर काय खायचं, हा प्रश्न गावात कोणी मोठ्याने विचारत नाही.

पत्र सुभद्रेला वाचायला दिलं. लग्नानंतर मीच तिला अक्षरं शिकवली. ती ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचते, पण एक अक्षर सोडत नाही. पूर्ण वाचून म्हणाली, “नाव तं तुमचंच हाये.” एवढंच. नवऱ्याचा अभिमान कसा दाखवावा हे या बाईला कधी जमलंच नाही.

५ मे, रविवार

मारुतीच्या पारावर सभा झाली. मी पत्र वाचून दाखवलं, संयोजक हा शब्द जरा थांबून. लोक खूष झाले. मग बकाराम पाटील उठले. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज अजून तलावाच्या सलंगेवरून, म्हणजे सांडव्यावरून, पडणाऱ्या पाण्याचा.

“बाहेरचे लोक येऊन आपल्या पारीवर माती टाकून रायले, अन् आपन पाहत रायचं का?” ते म्हणाले. (शाळेत मी ‘पाळ’ शिकवतो आणि पारावर ‘पार’ ऐकतो. तीस वर्षं झाली, आता मुकाट्याने ऐकतो.) “सहा वर्सं हाजरी बंद हाये. त्या दिवसी पुन्ना घेऊ.”

हाजरी म्हणजे आमची जुनी रीत. उन्हाळ्यात गावातल्या प्रत्येक चुलीमागे एक माणूस पाळीवर येतो आणि तलावाच्याच पोटातली काळी माती खणून टाकतो. काम संपताना पाणकर एकेका चुलीचं नाव पुकारतो. पाणकर म्हणजे तलावाचं तुडुम, ते पाणी सोडायचं दगडी तोंड, उघडणारा आणि शेतोशेत पाणी फिरवणारा माणूस. त्याने पुकारायचं, “अमक्याची चूल?” आणि त्या घरच्याने शेवटची टोपली टाकून ओरडायचं, “पेटती हाये!” ज्या चुलीने उत्तर दिलं तिच्या शेताला आश्विनात पाणी. जिने दिलं नाही तिच्या बांधापाशी पाणकर थांबत नाही, मग ती चूल पाटलाची का असेना.

“सव्वीस तारखेची हाजरी म्हंजे पान्याची हाजरी,” बकाराम पाटलांनी बजावलं. “पारीवर जो नाई, त्याले पानी नाई. मी नसलो तं मले बी नाई.” सगळ्यांनी हात वर केले.

पाणकर आमचा बाबूमियाँ. त्याच्या घरात हे काम तिसऱ्या पिढीपासून आहे. पाटाच्या अगदी शेवटी त्याचं दोन एकर शेत. गावात मुसलमानांची घरं दोनच, त्याचं आणि त्याच्या पुतण्याचं. सभा संपल्यावर तो खाकरून गळा तपासत होता. सहा वर्षांनी पुकारा करायचा म्हणून माणूस नव्या नवरदेवासारखा लाजत होता.

९ मे, गुरुवार

गोरेगावच्या बाजारात जाऊन कोटाचं कापड घेतलं आणि तिथेच शिंप्याकडे टाकलं. सुभद्रा म्हणाली, “एवढ्या तपनात कोट कायले?” संयोजकाला लागतो, हे तिला कसं समजावणार? शिंप्याला मात्र एका शब्दात समजलं.

१२ मे, रविवार

मंडळाचे प्रमुख केशोराव स्वतः आले. उंच, स्वच्छ धोतर, मऊ आवाज. दोन वर्षांपूर्वी कॉलऱ्यात हाच माणूस औषधाच्या पेट्या घेऊन गावोगाव चिखल तुडवत फिरला होता, हे मी विसरलेलो नाही. त्यांनी माझ्या कोटावर पितळी बिल्ला लावला. त्यावर ‘संयोजक’ असं कोरलं आहे.

मी यादी पुढे केली. चौऱ्याहत्तर चुली. यादी करायची माझी एकच पद्धत, पाणी ज्या वाटेने जातं त्या वाटेने. फक्त पहिलं नाव पाणकराचं, कारण हाजरीत आधी तोच स्वतःची चूल सांगतो.

केशोरावांनी पहिल्याच नावावर बोट ठेवलं. “गुरुजी, ही यादी कशाची आहे?”

“गावाची,” मी म्हणालो.

ते हसले. रागावून नाही, मी मुलांना हसतो तसं. “कार्यक्रम अपने समाज का है. आपला समाज जागा व्हावा, एक व्हावा, म्हणून तर ही सेवा. बाबूमियाँला आणि त्याच्या पुतण्याला कोणी त्रास देणार नाही. पण पाळीवर आणि पंगतीत आपलेच लोक दिसले पाहिजेत. फोटो निघणार आहेत. आणि मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेली घरं किती?”

“पाच.”

“त्यांनी स्वतःच वाट वेगळी केली. त्यांचं नंतर बघू.”

नंतर बघू म्हणजे नाही म्हणणं नव्हे, असं मला त्या वेळी वाटलं. त्यांनी पेन्सिल मागितली. माझ्या खिशात तपासणीची लाल पेन्सिल होती. ती त्यांच्या हातात द्यायची सोडून मीच सात नावांवर रेघा ओढल्या. चुकलेल्या गणितावर ओढतो तशा. शेवटी ही जेवणाची यादी आहे, जन्माची नव्हे.

१३ मे, सोमवार

ऊन फार. लिहिण्यासारखं काही नाही. यादी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे.

१५ मे, बुधवार

सकाळी बाबूमियाँ आला. अंगणात उभा राहून पागोट्याचं टोक उगाच पिळत होता.

“गुर्जी, सव्वीसले मी कितीले येऊ? लोक म्हनून रायले का यादी तुमच्यापासी हाये. माजी टोपली पयली राहते. अब्बाच्या टायमापासून.”

मी म्हणालो, “कळवतो.”

“कळवाचं कायले? यादीत पाहून सांगा न.”

“यादी आत आहे. कुलपात.”

आमच्या घरात एकही कुलूप नाही, आणि हे बाबूमियाँला माझ्याइतकंच माहीत आहे. त्याने पागोट्याचं टोक सोडलं. मग म्हणाला, “अच्छा. आराम करा गुर्जी, तपन लय हाये,” आणि गेला.

तो फाटकाबाहेर पडला आणि मी यादी काढून पाहिली. जेवणाची यादी कसली! त्या दिवशीची हाजरी म्हणजे पाण्याची हाजरी, हे सभेत ठरलंय. मीही हात वर केला होता. पाळीवर येऊ दिलं नाही तर टोपली नाही, टोपली नाही तर पाणी नाही. मी सात पंगती कापल्या नाहीत, सात शेतं कापली. आणि त्यातलं एक शेत त्या माणसाचं, जो सगळ्यांना पाणी देतो.

केशोरावांना पत्र लिहायला बसलो. ‘सादर प्रणाम’ पर्यंत उत्तम जमलं. पुढे जमलं नाही.

१६ मे, गुरुवार

बिल्ल्याची पिन सैल होती म्हणून कोट सुभद्रेकडे दिला. तिने बिल्ला दुहेरी दोऱ्याने असा शिवून टाकला की आता तो माझ्यासोबतच जाईल. सगळा दिवस ती गप्प आहे. जेवताना वरण मागितलं तर भात वाढला. उष्णता बाधली असावी. कांद्याचा रस घे म्हणालो, तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच घेतला.

१९ मे, रविवार

गावाचा उत्साह पाहून ऊर भरून येतो. देवकाबाई घरोघर फिरून टोपल्या गोळा करत आहेत. देवकाबाई म्हणजे बकाराम पाटलांच्या चुलत भावजय, गावातली सर्वांत तिखट जीभ. मी विचारलं, “सव्वीसला अजून आठवडा आहे, आत्ताच टोपल्या?” म्हणाल्या, “मोहं येचाले लागतेत.” मोहाचा हंगाम केव्हाच संपला. बाईंचं वय झालं.

दुपारी बिसरामच्या अंगणात बकाराम पाटील बसलेले दिसले. बिसराम दीक्षा घेतलेल्या पाच घरांतला. धुम्मस मारून माती बसवावी तर त्यानेच. पाटलांना त्याच्या खाटेवर बसलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला पाहताच दोघे हवेबद्दल बोलू लागले. सातही घरांना अजून काहीच कळलेलं दिसत नाही. त्यांची हसरी तोंडं पाहिली की मी वाट बदलतो.

घरी सुभद्रा आणि शेजारणी लाख्याची डाळ निवडत होत्या. एवढी? “पावने येऊन रायले न,” ती म्हणाली. भोजन तर मंडळ देणार आहे. पण अतिथीसाठी काही करावंसं वाटणं हा गावाचा चांगुलपणा, मी काही बोललो नाही.

२२ मे, बुधवार

आज बकाराम पाटील चार लोकांना घेऊन घरी आले. म्हणाले, “गुर्जी, पावन्यायले आनाले संयोजकानं सोता जावं. नाईतं गावाची इज्जत काय रायते?”

“शनिवारी जाईन की.”

“उद्याच जा! तीन दिवस राहा, त्यायचं कसं काय ते पाहा. गोंदियाजवळ फुलचूरले तुमची बहीन हाये न?”

“जाच तुमी,” देवकाबाई दारातून म्हणाल्या. “तुमच्याबिगर त्यायले रस्ता बी दिसाचा नाई.”

एवढा आग्रह मला माझ्या लग्नातही कोणी केला नव्हता. सुभद्रेने तर न सांगता शिदोरी बांधली. मला गोंदियाला जायचंच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. केशोरावांसमोर बसून त्या सात नावांचं बोलायचं. समोरासमोर मी चांगला बोलतो.

२४ मे, शुक्रवार. फुलचूर

समोरासमोर मी अजिबात चांगला बोलत नाही.

मंडळाच्या अंगणात स्वयंसेवकांची कवायत चालली होती. गिरणीतले कारकून, दुकानदारांची पोरं, गुणी माणसं. ढोल वाजवणारा गोवर्धन नावाचा मुनीम मला बसायला आपली खुर्ची देऊन स्वतः उभा राहिला. मग छापून आलेली पत्रकं दाखवली. वरच्या ओळीत लिहिलं होतं, ‘परक्यांच्या हातून आपला तलाव आपल्या हाती!’

मी विचारलं, “परके कोण?”

केशोरावांनी मला चहा मागवला. मग अगदी समजुतीने सांगितलं. तुडुमावर चौथरा बांधून ध्वज लावायचा. मंडळातर्फे पाणकर म्हणून अपना आदमी नेमायचा. “पाण्याची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा साधा प्रश्न नाही, गुरुजी. आज तलाव आहे, उद्या देश आहे.”

“पण बाबूमियाँ...” मी म्हणालो.

“आप भावुक हैं. शिक्षक असतातच. साखर बरोबर आहे ना?”

साखर बरोबर होती. मी चहा प्यायलो. या माणसाला वाईट म्हणायला जीभ वळत नाही, कॉलऱ्यातल्या पेट्या डोळ्यांपुढे येतात. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. वाईट माणसापाशी मी यादी घेऊन गेलोच नसतो.

त्यांनी शेवटची खात्री करायला यादी मागितली. मी जरा बाजूला वळून आतल्या खिशातून काढली, उलगडली आणि तशीच घडी घालून परत ठेवली. घरी विसरलो म्हणून सांगितलं. फुलचूरला आल्यावर बहिणीच्या परसात बसून ती पुन्हा उघडली. सात लाल रेघा होत्या तिथेच होत्या. प्रत्येक रेघेखाली तेच नाव पुन्हा लिहिलेलं होतं, मोठ्या, वाकड्या अक्षरांत, ओळीखाली बोट ठेवून लिहावं तसं. बाबूमियाँ. बिसराम. सातही.

म्हणजे बिल्ला शिवला त्या दिवशीच तिने वाचलं होतं. एक अक्षरही सोडलं नव्हतं. आठ दिवस माझ्या समोर ती हे घेऊन वावरली आणि मी तिला कांद्याचा रस घे म्हणालो.

मला माझी लाज वाटते. ही ओळ मी दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा लिहिली. परवा गाडीत केशोरावांना सांगणार. अगदी नक्की सांगणार.

२७ मे, सोमवार. पळसटोला

खांदे असे दुखताहेत की पेन धरवत नाही. पण लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

काल सकाळच्या छोट्या गाडीने आम्ही निघालो. गाडीत सांगायचं होतं, पण स्वयंसेवक गाणी म्हणत होते. हिरडामालीला उतरलो, तिथून बैलगाड्या. बैलगाडीत सांगायचं होतं, पण केशोराव माझ्या कोटाची तारीफ करत होते. अशा रीतीने मी तलावापर्यंत पोहोचलो, गप्पच.

पाळीकडे पाहिलं आणि गाडीतच उभा राहिलो. भगदाड नव्हतं! जिथून बैलगाडी गेली असती तिथे काळीभोर, धुम्मस मारून चोपलेली, ओली पाळ होती, टोकापासून टोकापर्यंत. पाळीवर सगळं गाव. डोक्याला फडकी, अंगभर चिखल, आणि चेहरे असे की कोणाच्या तरी घरी जुळं झालंय. एका बाजूला सात चुलाणांवर भात आणि लाख्याची डाळ रटरटत होती.

मग एकदम सगळं समजलं. सुभद्रेने वाचलेली यादी, टोपल्या, डाळ, बिसरामच्या खाटेवरचे पाटील, उद्याच जा. तीन दिवस मला गोंदियाला धाडून या लोकांनी सहा वर्षांची माती तीन दिवसांत टाकली होती.

केशोराव खाली उतरले. पत्रकं, फावडी, ध्वजाची काठी, सगळं गाडीतच राहिलं. “गुरुजी, काम किसने किया?”

उत्तर देवकाबाईंनी दिलं. “ज्यायले पानी लागते त्यायनं.”

तुडुमाच्या दगडावर बाबूमियाँ उभा होता. धुतलेलं पागोटं, हातात काठी. त्याने आमच्याकडे पाहिलं, सलाम केला, आणि पाळीकडे तोंड करून गळा मोकळा केला. पुकारा सुरू झाला. आधी स्वतःची चूल, मग पाण्याच्या वाटेने एकेक.

“बकाराम पाटलाची चूल?”

“पेटती हाये!”

“बिसरामची चूल?”

“पेटती हाये!” हा आवाज इतका मोठा की गाडीचे बैल बुजले.

त्र्याहत्तर चुली झाल्या. मग बाबूमियाँ थांबला. पाळीच्या अगदी माथ्यावर, जुन्या भगदाडाच्या जागी, एक खळगा राहिला होता. बरोबर एका टोपलीचा. सुभद्रा त्याच्या काठाशी उभी होती. खाली पाळीच्या पायथ्याशी काळ्या मातीची भरलेली टोपली.

“गोपीचंद गुर्जीची चूल?”

मी सुभद्रेला म्हणालो, “टाक ना.”

“मी टाकीन तं माजी होते,” ती म्हणाली. “आपली होवाची असंन तं तुमी टाका.”

केशोराव माझ्या शेजारी होते. अगदी हळू म्हणाले, “गुरुजी, विचार करा. बिल्ला मंडळाचा आहे.”

मी म्हणालो, “खरं आहे तुमचं,” आणि बिल्ला काढायला लागलो. निघेना. दुहेरी दोरा. खेचला, पिरगाळला, दाताने तोडायला वाकलो, तर सगळं गाव हसायला लागलं, आणि मग मलाच हसू आलं. महिनाभर न आलेलं सगळं एकदम आलं. मी अख्खा कोटच काढला, गोल गुंडाळला, चुंबळ करून डोक्यावर ठेवला, बिल्ल्यासकट. बिसरामने एका बाजूने आणि बाबूमियाँने तुडुमावरून खाली येऊन दुसऱ्या बाजूने टोपली उचलून दिली. पेन्सिलीपेक्षा जड काही उचलायची मला सवय नाही. तरी पाळीवर चढलो, आणि खळग्यात माती ओतली.

“गोपीचंद गुर्जीची चूल?” बाबूमियाँने पुन्हा पुकारलं.

“पेटती हाये!” मी ओरडलो. तीस वर्षं शाळेत शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारा माणूस. मला इतका आनंद कधी झाला होता, आठवत नाही.

केशोराव रागावले नाहीत, हे लिहिलं पाहिजे. ‘आज तुम्हाला समजत नाही, पुढे समजेल,’ एवढंच म्हणाले, आणि पहिल्या गाडीत बसले. चाळीसेक स्वयंसेवक त्यांच्यामागे गेले. वीसेक मात्र उन्हात तसेच उभे राहिले. त्यांना भूक लागली होती आणि डाळीला लसणाची फोडणी बसली होती. गोवर्धन मुनीमाने ढोल खाली ठेवला आणि बाबूमियाँला विचारलं, “भैया, एक टोकरी हम भी डालें क्या?”

“कोन्ती चूल?”

“चूल तो गोंदिया में है.”

“दूर हाये मंग,” बाबूमियाँ म्हणाला. “जोरानं बोला.”

आणि वीस माणसं बोलली.

मग जेवण. पाळीवर काम नेहमीच एकत्र, पण जेवताना आमच्याकडेही प्रत्येकजण आपली शिदोरी घेऊन आपापल्या झाडाखाली जात आला आहे. एका पंगतीत बसण्याची कल्पना खरं तर मंडळाचीच. चार म्हातारे घरी निघून गेले. बकाराम पाटील बराच वेळ काठी टेकून उभे होते. शेवटी म्हणाले, “गुडघे दुखून रायले, मी इथंच बसतो,” आणि बिसरामच्या शेजारी पत्रावळ ओढली.

घरी परतताना सुभद्रेला विचारलं, मला का नाही सांगितलं?

“तुमाले सांगतलं असतं तं तुमी पत्र लिवाले बसले असते,” ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, “अन् खड्डा मीच ठेवाले लावला. देवकाबाई म्हने, बुजवून टाका, गुर्जी काई येत नाई. मी म्हनलं, येतेत.”

११ ऑक्टोबर, शुक्रवार

साडेचार महिने वहीत काही लिहिलं नाही. म्हणजे सगळं ठीक होतं.

चार दिवसांपूर्वी तुडुम उघडलं. बाबूमियाँ काठी घेऊन पाटाने पाण्यासोबत चालतोय, एकेका बांधाशी थांबतोय. पाणकर स्वतःच्या शेताला सगळ्यांत शेवटी पाणी घेतो, तीही जुनीच रीत. आज ते तिथे पोहोचलं. मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. पाणी धानाच्या बुडांतून सळसळत शिरलं, तेव्हा तो बांधावर उकिडवा बसला. मग म्हणाला, “गुर्जी, धानाले बी आवाज राहते.” मी कान लावला. असतो.

घरी आलो तर पलीकडच्या गावचे हेडमास्तर हिरालाल यांचं पत्र. लोकोद्धार मंडळ दिवाळीला त्यांच्या गावात कांबळी वाटणार आहे आणि त्यांना संयोजक नेमलं आहे. अक्षरांतूनच आनंद दिसतो. लिहिलंय, ‘आपणांस अनुभव आहे, तरी यादी कशी करावी ते कळवावे.’

वाचून स्वस्थ झालेला जीव पुन्हा अस्वस्थ झाला. केशोराव थांबले नाहीत तर. आमच्या गावात भगदाड बुजलं म्हणून सगळीकडचं बुजलं, असं मी का समजून बसलो होतो?

उत्तर लिहायला बसलो. ‘सादर प्रणाम’ लिहिलं. सुभद्रेने चौकटीतून पाहिलं, काही न बोलता सायकल अंगणात काढली आणि कोट आणून दिला. चार वेळा धुतला तरी पाठीवरचा काळ्या मातीचा गोल डाग काही जात नाही. बिल्ला तिने उसवून टाकला आहे, पण तिथलं कापड विरलंय. असा कोट घालून दुसऱ्या गावच्या हेडमास्तरकडे जावं का, असा विचार क्षणभर मनात आला.

हिरालालला काय सांगायचं ते ठरलंय. दिवस उगवताना गावाबाहेर उभा राहा आणि धूर मोज. जितके धूर, तितकी नावं.

डागाचा कोट घालूनच निघालो आहे.